व्याही हसले नाहीत

तळोदा, ८ फेब्रुवारी २०२५

चि. शांतीलाल यास ताईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तुझा आवाज हल्ली इतका बारीक येतो की निम्मं कळत नाही, म्हणून लिहिते. रविवारी साखरपुड्यात तुला झालं होतं तरी काय? हेमकांतभाईंनी केवढी सरबराई केली, त्यांची भाविका वाकून पाया पडली, आणि तू आपला दगडासारखा बसून! फोटोवाला हसा, हसा म्हणून थकला. आता भाविकाची आई म्हणते, आमनी पोर त्यासले आवडनी नही वाटस. पोरगी नीट जेवत नाही. हेमकांतभाई म्हणतात, मन नसेल तर आताच मोडलेलं बरं. स्थळ मी सुचवलेलं, तुझ्या भूपेंद्रला मुलगी पसंत, आणि तुझ्या फुगलेल्या तोंडापायी सगळं अडलंय. मनात काय आहे ते साफ लिही.

रागावलेली, तरी तुझीच,
दगूताई

ब्राह्मणपुरी, १२ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न.

अक्षर मुंगीएवढं आलंय, चष्मा पुसून घे. हात आता मोठं लिहूच देत नाही. ताई, मला पार्किन्सन झालाय. दिवाळीपासून गोळ्या चालू आहेत. त्यात चेहरा आखडतो, मनातलं तोंडावर येत नाही. त्या दिवशी मी फार आनंदात होतो. मला वाटत होतं, मी हसतोच आहे. फोटो पाहिले तेव्हा कळलं.

आजारी सासऱ्याच्या घरात कोण मुलगी देईल, या भीतीनं लपवलं. बाकी निभतंय. शर्टाची बटणं भूपेंद्रची आई लावते. केळीच्या बागेत निघालो आणि उंबऱ्याशी पाय चिकटले, की ती पुढ्यात उसाचं कांडं आडवं टाकते. ते ओलांडायला पाय बरोबर उचलतो. वर ओरडतेही, पण ते आजाराच्या आधीपासूनचं आहे. हेमकांतभाईंना सांगायचं की नाही, तूच ठरव. लग्न मोडलं तर मला भूपेंद्रकडे बघवणार नाही.

माया कमी करू नकोस.
तुझा शांतीलाल

तळोदा, १६ फेब्रुवारी

चि. शांतीलाल यास आशीर्वाद.

पत्र वाचून आधी रडले, मग मलाही सांगितलं नाहीस म्हणून संतापले, आणि तशीच हेमकांतभाईंकडे गेले. सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, म्हणजे नाराजी नाही ना? नाही म्हटल्यावर भाविकाच्या आईनं डोळे पुसले आणि चहा टाकला. कुणाच्या आजाराचं ऐकून एवढा जीव भांड्यात पडलेलं घर मी पहिल्यांदाच पाहिलं! लग्न ठरल्या तिथीलाच.

भाविका मात्र दारापर्यंत मागे आली. म्हणाली, आजाराचं समजलं, पण मी त्यांना खरंच आवडले का? ते मी कसं सांगणार? तूच लिही तिला.

गोळ्या वेळेवर घे.
तुझी दगूताई

ब्राह्मणपुरी, २० फेब्रुवारी

चि. भाविका हिस अनेक आशीर्वाद.

बेटा, पाया पडताना तू हळूच विचारलंस, पाठीला उशी देऊ का? एवढ्या माणसांत माझं अवघडणं तुझ्याच लक्षात आलं. मी हो म्हणालो, ते तुला ऐकूही गेलं नसेल, पण उशी तू दिलीस. घरी येऊन मी भूपेंद्रच्या आईला म्हटलं, आपलं नशीब चांगलं आहे.

तू मला फार आवडलीस. माझ्या तोंडाकडे बघून हे तुला कधी कळायचं नाही, म्हणून हा कागद जपून ठेव. शंका आली की वाचत जा.

तुझी वाट पाहणारे,
तुझे सासरचे पप्पा