खुर्ची दाराबाहेर

मी, गुणाजी बाबाजी मोकल, वय चौऱ्याहत्तर, राहणार वरसे, तालुका रोहा, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. बुद्धी शाबूत आहे. तिचा गर्व मात्र उरलेला नाही.

१. राहते घर मुलगा दिनानाथ व सून सगुणा यांना समान हक्काने. दिनानाथ नागोठण्याला कंपनीत शिफ्टवर असतो; घर चालवते ती सगुणा.

२. ओटीवरची हातांची खुर्ची. हिच्याबद्दल लांब लिहावे लागेल. पेण-रोहा पट्ट्यात दंत महाविद्यालय काढावे का, हे तपासायला शिक्षण मंडळाने समिती नेमून मला अध्यक्ष केले. गावोगाव दात तपासणीची शिबिरे झाली. प्रत्येक शिबिरात डॉक्टरांशेजारी ही खुर्ची टाकून मी देखरेखीला बसलो. पुरुषांनी दात दाखवले. बायका तोंडाला पदर लावून "काय दुखत नाय" म्हणत परत गेल्या. मी तेच अहवालात लिहिले आणि रोह्याच्या सभेत गरजलो, "आमची बाई दातांनी नारळ सोलते, तिला कसले कॉलेज!" टाळ्या पडल्या. मंडळाने प्रस्ताव बाजूला ठेवला.

गेल्या महिन्यात सगुणाचा गाल सुजला, ताप चढला. पेणच्या डॉक्टरांनी दाढ काढली. पू जबड्यापर्यंत गेला होता. परतताना मी रागावलो, "शिबिरात का नाही दाखवलंस?"

ती खाली बघत म्हणाली, "मामा, तुमी समोर बसलेलात. सासऱ्यापुढं आ कसा करायचा?"

शेजारची धोंडुबाई सोबत होती. ती म्हणाली, "तिचा एकटीचा नाय. तू सगल्या सुनांचा मामा. जरा उठला असतास तर आमी दाखवला असता. नारल सोलतो म्हनं! भाकरी चायमधी बुडवून खातो आमी."

स्त्रियांच्या हक्कांवर मी आयुष्यभर वाचले, बोललो. माझी बायको बायजा हसताना तोंडावर हात धरायची. मला ती लाजाळू वाटे. तिची कुठली दाढ दुखत होती, हे मला ती गेली तरी माहीत नाही.

३. सभांत बोलायचा माझा कर्णा पोपट गुरवला. रोह्याच्या त्या सभेत पोपटच एकटा विचारत होता, "एका तरी बाईचे दात बघितलेस का?" मी त्याची नक्कल करून लोकांना हसवले. त्याची क्षमा मागतो.

४. अहवाल चुकीचा असल्याचे मंडळाला कळवून मी अध्यक्षपद सोडले आहे. पुढच्या महिन्यात फेरतपासणी आहे. महाविद्यालय ठरल्यास रस्त्यालगतची शेतजमीन त्याला द्यावी. न ठरल्यास तिथे दातांचा दवाखाना काढावा. पुस्तके वरशाच्या शाळेला.

५. वरशाची तपासणी माझ्या माजघरात, बाई डॉक्टरांकडून व्हावी. याच खुर्चीला मागे फळी ठोकून डोके टेकायची सोय करावी. पहिली सगुणा बसेल. पुरुषांनी आत जाऊ नये. मी त्या दिवशी जिवंत असलो, तरी दाराबाहेर असेन.

६. माझ्या मागे शोकसभेत कोणी भाषण करू नये.

वरील मजकूर साक्षीदारांना वाचून दाखवून त्यांच्यासमोर सही केली.

वरसे, ३ मार्च १९९६
गुणाजी बाबाजी मोकल

साक्षीदार:
कान्हू महादू म्हात्रे, पेण
धोंडुबाई जनू भोईर, वरसे, डाव्या हाताचा अंगठा

(अंगठा उठवण्यापूर्वी धोंडुबाईने विचारले, "नारलाचा पण लिवलास?" लिहिले आहे.)