मला मत देऊ नका

प्रिय वेंडल,

तू फोन उचलत नाहीस आणि दाराशी आले की कुत्रा सोडतोस, म्हणून हे लिहून रूबीच्या हाती पाठवते आहे. शेजारीण म्हणून नाही तरी तिच्या डंपलिंग्जपायी तू तिला घरात घेशील याची खात्री आहे. वाचण्याआधी फाडू नकोस. पहिली बातमी अशी, की आपण जिंकलो. सेलेस्ट जिंकली म्हणजे आपणच जिंकलो. हे वाक्य वाचून तुझं तोंड कसं झालं असेल ते मला इथून दिसतंय, पण मी ते खोडणार नाही. थोडक्या मतांनी का होईना, जिंकलो. काल अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये निकाल वाचला तेव्हा मी खुर्चीवर चढले होते, या वयात, आणि जेवणासाठी कालवं तळणारी माणसं कढया सोडून नाचत होती. मी रडले, सगळ्यांच्या देखत रडले, आणि मला त्याची काडीची लाज वाटत नाही.

विधानसभेच्या पुढच्या अधिवेशनात पाण्याचं विधेयक येईल. कोंबड्यांच्या कारखान्यानं आपल्या विहिरी नासवल्या, तेव्हा नळाची लाइन त्यानंच टाकून द्यायची, एवढीच त्यातली मागणी. तुझ्या नातीची दुधाची बाटली अजून विकतच्या पाण्यानं भरतात. समोरच्या पक्षाचा प्रेंटिस निवडून आला असता तर ती मुलगी शाळेत जाईपर्यंत तसंच चाललं असतं, कारण तो कारखान्याचाच वकील. मला आमदारकी हवी होती ती या पाण्यासाठी. सेलेस्टलाही त्याचसाठी हवी होती. आता विचार केला की हसू येतं. दोघी एकाच पक्षाच्या, दोघींचं मागणं एकच, आणि सप्टेंबरात उमेदवारीसाठी एकमेकींच्या झिंज्या उपटत होतो.

आणि काय काय बोललो आपण! तिच्या माणसांनी मला भंगारात काढलेली स्कूलबस म्हटलं. मी तीस वर्षं बस चालवून याच गावाची पोरं शाळेत पोचवली, त्यातली निम्मी तिच्याच बाजूला होती, म्हणून ते जास्त लागलं. मग तू चर्चच्या आवारात ते वाक्य टाकलंस, "जिच्या नवऱ्याचा पगार कारखाना देतो, तिची जीभही कारखान्याचीच." वाक्य झकास होतं, वेंडल. तुझी वाक्यं नेहमीच झकास असतात. आठवड्याभरात ते सगळ्यांच्या तोंडी झालं. तिचा नवरा तिथे ट्रक चालवतो, या भागात निम्म्या घरांतलं कोणी ना कोणी तिथेच कामाला जातं, पण तेव्हा कोणाला त्याचं काय! उमेदवारी तिला मिळाली, मी हरले, आणि तुला ते माझ्यापेक्षा जास्त झोंबलं. तू जेवला नाहीस असं रूबीनं सांगितलं. लहानपणी मला शाळेत कोणी ढकललं की तू असाच उपाशी बसायचास.

ऑक्टोबरात टपालातून प्रेंटिसचं पत्रक आलं ते तूही पाहिलंस. त्यावर माझा फोटो होता, आईच्या मोत्यांची माळ घातलेला, आणि खाली मोठ्या अक्षरांत तुझं वाक्य. कारखान्याचा वकील जगाला सांगत होता की सेलेस्ट कारखान्याची आहे! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा. पण त्याला स्वतःचं डोकं चालवावंच लागलं नाही, दारूगोळा सगळा आपण भरून ठेवला होता. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ ही म्हण मी बसमधल्या पोरांना सांगत आले, आणि ती माझ्याच फोटोखाली खरी झाली.

त्यानंतर तुझ्या त्या पाट्या उगवल्या. 'अर्डिसचं नाव लिहा.' मतपत्रिकेवर उमेदवार म्हणून माझं नाव नव्हतं, तरी शेवटच्या रिकाम्या ओळीत हातानं लिहायचं. आपल्या रस्त्यावर तर मका कापलेल्या प्रत्येक शेतात पाटी. मी तुला सांगितलं की मी रीतसर उभी नाही, ती मतं मोजलीही जाणार नाहीत, नुसती सेलेस्टची कमी होतील. तू म्हणालास, "तू हरली नाहीस, तुला हरवलं." तू ते प्रेमानं केलंस हे मला माहीत आहे. माझ्यासाठी इतकं कोणी कधी केलं नाही. पण ते आपलंच नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणं होतं, आणि नाक होतं तुझ्या नातीचं.

म्हणून त्या शनिवारी हॉलमधल्या जेवणाला मी उभी राहिले. तू समोरच होतास, ताट अर्धं झालेलं. मी म्हटलं, "ज्याचा माझ्यावर जीव आहे त्यानं माझं नाव लिहू नये. जो लिहील त्यानं प्रेंटिसला मत दिलं असं मी धरीन, मग तो माझ्या रक्ताचा का असेना." तू टोपी घातलीस आणि ताट तसंच टाकून निघून गेलास. त्या दिवसापासून आपलं बोलणं नाही. सांगून ठेवते, मी ते वाक्य मागे घेणार नाही. आज पुन्हा उभं केलं तर तेच बोलेन.

मग मी सेलेस्टबरोबर घरोघर फिरले. गाडी माझी, मतं तिच्यासाठी. पहिल्या दिवशी आम्ही दोघी गाडीत अवाक्षर बोललो नाही. दुसऱ्या दिवशी तिनं हळूच विचारलं, रेल्वे फाटक दिसलं की दर वेळी गाडी थांबवून दार उघडायलाच हवं का. स्कूलबसनं फाटकाशी थांबून, दार उघडून रेल्वेचा कानोसा घ्यायचा असा नियमच आहे, जुनी सवय, भंगार बस अशीच चालते, असं मी म्हटलं. ती आधी लाल झाली आणि मग आम्ही दोघी इतक्या हसलो की मला गाडी बाजूला घ्यावी लागली. त्यानंतर सगळं सोपं झालं. म्हाताऱ्या हॉबर्टच्या अंगणात तर पार चिखल. त्यानं दार उघडलं, माझ्या बुटांकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाई, तुला मत देऊ नये हे सांगायला तू एवढा चिखल तुडवलास?" मी हो म्हटलं. तो म्हणाला, आयुष्यात पहिल्यांदाच कुठल्या उमेदवाराचं ऐकावंसं वाटतंय. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेतातली पाटी नव्हती. हळूहळू इतरांच्याही गेल्या. तुझी तेवढी राहिली.

आता हे सगळं का लिहिते आहे ते सांगते. उद्या जॉर्जटाऊनला रिटर्न डे, निवडणुकीची भांडणं मिटवायचा दिवस. जिंकलेली सेलेस्ट आणि हरलेला प्रेंटिस रिवाजाप्रमाणे एकाच घोडागाडीत बसून मिरवतील, आणि सेलेस्टला ती गाडी तुझी हवी आहे. तिनं मला विचारलं, मी म्हटलं की मी विचारून बघते. हे झालं निमित्त. खरी गोष्ट वेगळीच आहे. आपल्या केंद्रावरची मतं मोजून झाली तेव्हा मी मोजणाऱ्या बाईंना मुद्दाम विचारलं, हातानं नाव लिहिलेल्या मतपत्रिका किती. त्यांनी पुन्हा एकदा सगळ्या पाहिल्या आणि म्हणाल्या, एकही नाही. आणि मतदानाच्या सकाळी रूबीनं तुला रांगेत पाहिलं होतं, इस्त्रीचा शर्ट घालून, कोणाशी न बोलता उभा. माझ्यावर रुसून, पाटी न काढता, तू आत गेलास आणि माझं नाव लिहिलं नाहीस. लहानपणापासून तू मला बरंच काही दिलंस, पण जे तू मला दिलं नाहीस ते हे एक मत माझ्यासाठी सगळ्यात मोठं आहे रे. उद्या घोडे धुऊन आण. पुढच्या बाकावर तुझ्या शेजारी मी बसणार आहे.

तुझीच हट्टी थोरली बहीण,
अर्डिस