सहीनंतरचा शनिवार

प्रिय डेल्फीन,

शनिवारी तू धक्क्यावरून हात केलास आणि मी गाडी न थांबवता पुढे गेले. माझं लक्ष नव्हतं असं तुला वाटलं असेल, पण मी पाहिलं होतं. टेबलावर वर्तमानपत्र अंथरलेलं होतं, वाफाळते खेकडे दिसले, माझी खुर्चीही. घरी येऊन मी डब्यातलं सूप उभ्याउभ्याच प्यायले. हल्ली घरात बोलतो तो फक्त टीव्ही.

खेकडे सोलायचा कारखाना बंद पडला तेव्हा आपण दोघीही रस्त्यावर आलो. तुझी बोटं तोवर कामातून गेली होती. माझी अजून चालत होती, म्हणून नौदलाच्या तळावर विमानांची उपकरणं दुरुस्त करायचं काम मिळालं, तेही सुरक्षा परवानगी येईपर्यंत कच्चं. ती नाकारली असती तर साठीला टेकलेल्या बाईला दुसरं कोण उभं करणार होतं? फॉर्ममध्ये गेल्या सात वर्षांचं विचारलं होतं: कुठली नशा, किती वेळा, कोणाबरोबर. मी ते गिळून टाकणार होते. तूच दटावलंस, "खरं लिही गं बाई. गांजा ओढलास म्हणून एक वेळ माफ करतील, लपवलास म्हणून नाही करायचे." म्हणून लिहिलं: गांजा, शनिवारी, धक्क्यावर, डेल्फीनबरोबर. तुझं नाव लिहिताना मला माझीच लाज वाटली.

चौकशीला आलेला माणूस भला होता. त्याला सांगितलं, मी दीड वर्षात गांजाला शिवलेली नाही. डेल्फीन ओढते, पण बोटं ठणकतात म्हणून, आणि लाँड्रीशेजारच्या दुकानातून रीतसर पावती घेऊन आणते. तो हसला. म्हणाला, मॅडम, ते राज्याच्या कायद्याला चालतं, वॉशिंग्टनच्या केंद्र सरकारला नाही, आणि तळ त्यांचा. एका घरात दोन सासवा, आणि मरण आपलं. मी आले की तू लगेच विझवतेस, हेही मी सांगितलं. त्याने ते लिहून घेतलं, आणि तरीही शेवटी एक कागद पुढे केलाच.

गुरुवारी परवानगी आली. आता मी पक्की झाले. त्या कागदावर लिहिलं होतं की पुन्हा कधी ओढणार नाही, आणि ओढणाऱ्यांच्या संगतीत बसणार नाही. मी सही केली, डेल्फीन. म्हणून थांबले नाही, आणि येत्या शनिवारीही थांबणार नाही. तुझ्या तोंडावर हे सांगायची माझी छाती झाली नाही, म्हणून लिहिते आहे. सही झाल्यावर त्याने सहज विचारलं, इतक्या वर्षांची मैत्रीण सोडणं जड जाईल का? मी नाही म्हणाले. तीन तासांच्या चौकशीत तेवढं एकच खोटं बोलले.

अजूनही तुझीच,
लोर्ना