पहिल्या नारळाचा मान

सोलापूर, मार्च १९३२

प्रिय बसप्पाअण्णा यांना धाकट्या नागव्वाचा नमस्कार.

आम्ही सुखरूप आहोत. हे दोन वेळा नीट जेवतात. आईचा खोकला कसा आहे?

रुळांवरचा नवा पूल परवा सुरू झाला. गावोगावची माणसे तो बघायला येताहेत. त्याच पुलाचे लोखंड जोडताना पडून ह्यांचे पाय गेले, म्हणून पहिला नारळ फोडायचा मान ह्यांना दिला होता. सुताराने केलेल्या चाकांच्या खुर्चीतून नेले, तर पुढे बेचाळीस पायऱ्या!

मुकादम म्हणाला, "मालक, पाठीवर घिऊन चढवतो की."

हे म्हणाले, "बांधताना माझ्या पायानं चढलो हुतो. आता पोतं हून न्हाय चढायचा."

लोक हसले. अण्णा, मला रडू आले नाही, संताप आला. खाली रुळांवरचे फाटक उघडे होते तेव्हा खुर्ची सरळ पलीकडे जायची. तिकडच्या शिंप्याकडे हे हातमशीन चालवायचे. आता पूल झाला म्हणून फाटकाला कुलूप घातले. दोन दिवस हे भिंतीकडे तोंड करून बसले आहेत.

बाईने नारळ फोडू नये म्हणतात. पण परवा तिथेच मी ह्यांच्या हातातला नारळ घेतला आणि सगळ्यांदेखत फाटकाच्या कुलपावर आपटला. नारळ फुटला, कुलूप नाही.

आमची काळजी करू नका. पाडव्याला येताना चार नारळ तेवढे आणा, चांगले टणक बघून. कुलूप निघेपर्यंत मी रोज तिथे जाणार आहे.

तुमची,
नागव्वा