काचेमागचं मखर

प्रिय रितेश,

फोनवर अण्णांचं नाव निघालं की तुझी रेंज जाते, म्हणून हे पत्र. आता वाचल्याशिवाय सुटका नाही.

आधी दुकानाची बातमी. समोर ते झगमगीत दुकान उघडल्यापासून माझ्या झबल्या-फ्रॉककडे कुणी मान वळवून बघेना. त्यांच्याकडे पुतळे आणि रंगीत दिवे, माझ्याकडे काच आणि काचेमागे धूळ. मग मी रद्दी आणि रंगीत चकचकीत घोटीव कागद घेऊन मासे केले, मैद्याची खळ शिजवून शोकेसभर चिकटवले. इतके गोड दिसत होते रे! सकाळी शटर उघडलं तर निम्मे जमिनीवर, उरलेल्यांच्या शेपट्या झुरळांनी फस्त केलेल्या. घरी येऊन मी रडवेल्या तोंडाने सांगत होते, तेवढ्यात पेपरामागून अण्णांचा आवाज आला, "खळीत मोरचूद घातला नाहीस काय गो?" त्या निळ्या पुडीने खळीला झुरळ लागत नाही, हे मला, सुनेला, कुठलं माहीत!

पण मी खळ विसरून त्यांच्याकडेच बघत राहिले. वर्षभरात त्यांनी आपणहून विचारलेलं हे पहिलंच. दरवर्षी ते कागद कातरून घरचं मखर करायचे; गेल्या गणपतीला तू मुंबईहून तयार मखर आणलंस, तेव्हापासूनचे ते गप्प आहेत. त्यांचे हात थरथरतात, त्रास नको, म्हणून आणलंस, हे मी जाणते. त्यांना मात्र एवढंच कळलं की आता आपली गरज नाही. त्यांनी कात्र्यांचा डबा माळ्यावर टाकला, तू तोंड फुगवून परत गेलास आणि बोलणं बंद. एकाच घडीतून कापल्यासारखे आहात दोघं बापलेक.

दुसऱ्या दिवशी डबा खाली आला. अण्णा रोज दुकानात बसून शोकेससाठी कागदाचं मखर कापू लागले. हात थरथरतो, जाळीत नको तिथे चीर पडते, मग तिचं ते पान करून टाकतात. खांब झाले, महिरप झाली, तोरण झालं. मखरात मधोमध, गणपतीच्या जागी, माझा गुलाबी फ्रॉक. मी जरा बिचकले, तर म्हणाले, "पोर काय नि देव काय." आता शाळा सुटली की मुलं काचेला नाकं लावून उभी असतात. बायका कागदाचं विचारायला आत येतात आणि फ्रॉक घेऊन जातात. समोरच्या दुकानातली मुलगीसुद्धा फोटो काढून गेली. मला कोण आनंद झाला म्हणून सांगू!

फक्त महिरपीवरच्या चक्राची जागा रिकामी आहे. घडीवर घडी घालून, पेन्सिल न लावता कापायचं ते चक्र लहानपणापासून तुझ्याकडे असायचं ना? मी कापू का म्हटलं, तर अण्णांनी तुझी कात्री उचलून डब्यात ठेवली. गिऱ्हाइकं विचारतात, मखर अर्धंच का? ते सांगतात, "तो कारागीर मुंबईस असतो. यायचाय."

मला त्यांनी लिहायला सांगितलेलं नाही. कधी सांगणारही नाहीत. पण काल त्यांनी घरच्या मखराला हात घातलाय, आणि त्यातही ती जागा तशीच सोडलीय. पिवळा कागद चौकोनी कापून डब्यात तुझ्या कात्रीखाली ठेवलाय. गणपतीच्या दोन दिवस आधी ये. येताना काहीएक आणू नकोस, हात तेवढे आण.

वाट बघणारी, तुझीच,
वैष्णवी