तुमची फिबा

प्रिय डोरेथा,

तुझ्या आईने, मा इनेझनी, माझ्याशी बोलणं टाकलंय, हे तुला टोरांटोत कळलंच असेल. कोणी कसं सांगितलं ठाऊक नाही. पण माझ्या तोंडूनही ऐक.

मी आपल्या बेटावरच्या उसाच्या मळ्यांतल्या गुलामांची कादंबरी लिहायला घेतली, तेव्हा गावात सगळ्यांत जास्त हरखल्या त्या मा इनेझच. मला बसवून मक्याच्या पिठाचं कू-कू आणि मासे वाढले आणि तुमच्या घरात जपलेलं नाव पहिल्यांदा माझ्या स्वाधीन केलं. फिबा, त्यांच्या पणजीची आजी. "तिला कुठे पुरलंय तेवढं शोध गं पोरी," म्हणाल्या. "मरायच्या आधी एकदा फुलं ठेवीन."

मी महिनोन्महिने सरकारी दफ्तरखान्यात बसले. थडग्याचा पत्ता काही लागला नाही. हाती आली ती एका जुन्या चौकशीची नक्कल. फिबा मळ्यावरून पळाली होती, पकडली गेली, आणि पुढे तिचं काय केलं ते मळ्याच्या साहेबाने स्वतःच सांगितलं होतं, अगदी सहज, पावसापाण्याबद्दल बोलावं तसं. ते मी इथे लिहीत नाही.

ते वाचून मला रडू यायला हवं होतं. मी टेबलावर थाप मारली! तिथले कारकून गिटन्स दटावून म्हणाले, "अहो बाई, हे काय क्रिकेटचं मैदान आहे?" मी हसून म्हटलं, "माझी कादंबरी सापडली!" घरी जाताना केक घेतला. त्यावर लिहिलेलं प्रकरण प्रकाशकांना फार आवडलं. हाच पुस्तकाचा प्राण, म्हणाले. थडगं शोधायचं होतं हे मी विसरूनच गेले.

मग चर्चच्या हॉलमध्ये वाचन ठेवलं. मा इनेझ पांढरी टोपी घालून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांना वाटलं, आज थडगं कळणार. मी मात्र रंगात येऊन वाचत सुटले: तिचे कपडे, तिची पाठ, तिच्या किंकाळ्या, सगळं. सगळ्या गावासमोर. त्या काठी टेकत उठल्या.

"ज्याने तिला उघडं केलं तो निदान परका होता," म्हणाल्या. "तू तर माझ्या हातचं जेवलीस."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. दार उघडलं नाही, खिडकीतूनच बोलल्या. "एकच सांग. ते सापडलं तेव्हा तुला काय वाटलं?"

खोटं सांगता आलं असतं. "आनंद झाला, मा."

त्यांनी खिडकीची कडी धरली. "आता मला काही विचारू नकोस. मला पुन्हा ते ऐकवणार नाही. छापायचं की नाही ते डोरेथाला विचार, फिबा तिचीही आहे." आणि खिडकी लावून घेतली. तेव्हापासून रस्त्यात भेटल्या तरी मान वळवतात.

म्हणून हे पत्र. ते प्रकरण मी छपाईतून काढून घेतलंय, प्रकाशक चिडलेत. सोबत ते पाठवलेलं नाही. तू मागितलंस तरच पाठवीन. तू नको म्हणालीस तर फाडून टाकीन, तुझ्यावर राग धरणार नाही. पण उत्तर देण्याआधी एक जाणून घे. एवढं सगळं होऊनही, हे लिहिताना माझ्या मनात एकच धावा चाललाय, की तू छापायला हो म्हणावंस. खरी लाज मला त्याचीच वाटते.

तुझीच,
ऑर्लीन