हाडापर्यंत न पोचलेलं औषध

मुलुंड, १२ फेब्रुवारी १९८६

ती. स्व. भाऊराव यांस,

जयवंतचा वॉर्डातल्या खाटेवरून, बसूनच साष्टांग नमस्कार (उभं राहायची परवानगी नाही). तुमचा दमा आणि वहिनींचे गुडघे आपापल्या मर्यादेत असतील असं धरून चालतो. तुमची बहीण नलिनी ठीक आहे.

गिरणी गेल्यावर इथल्या कारखान्यात लागलो आणि नडगीवर सळ्यांचा गठ्ठा पडला, ते तुम्हाला ठाऊक आहेच. जखम वरून भरली, आत हाड कुजत राहिलं. आठ महिने सकाळ-संध्याकाळ सुया टोचून घेतोय. पू काही थांबत नाही. अशात डॉक्टर नंदकुमार नावाचे एक तरुण गृहस्थ माझ्यावर खूश झाले. रक्तातलं औषध हाडात किती उतरतं, हा त्यांच्या परीक्षेच्या प्रबंधाचा विषय, आणि वॉर्डात माझ्याइतकं सोयीचं हाड दुसऱ्या कुणाचं नव्हतं. कुजलेलं हाड खरवडायच्या ऑपरेशनच्या आधी त्यांनी इंजेक्शन दिलं, बरोबर तासाने रक्त घेतलं आणि हाडाचा तुकडाही काढला. तो बर्फात ठेवून अंधेरीच्या प्रयोगशाळेत न्यायचा होता, पण बर्फाची पेटी सापडेना (कुणीतरी ती लग्नाला नेली होती). मग त्यांनी नलिनीचा थर्मास उचलला, माझा चहा मोरीत ओतला, बर्फ भरून हाडाची बाटली आत सोडली आणि बस पकडली. थर्मास दुसऱ्या दिवशी स्वच्छ धुऊन परत आला. तेव्हा नलिनी जे बोलली ते सगळं लिहिता येत नाही. सुरुवात अशी होती : "माझ्या थर्मासात ह्यांचा हाड? मेल्या, तुका लाज नाय?"

आठवड्याने डॉक्टर हसत आले. बशीत जंतू वाढवून त्यावर माझं रक्त ठेवलं, तर भोवतालचे जंतू कोटाच्या बटणाएवढ्या गोलात मेले म्हणे.

"जयवंतराव, रक्तात औषध भरपूर आहे!"

"आणि हाडात?"

"जवळजवळ शून्य. इतका स्पष्ट निकाल कुणाचाच आला नाही."

"म्हणजे पायाचं काय?"

"ते मोठे डॉक्टर सांगतील," म्हणाले आणि गेले.

म्हणजे आठ महिने औषध अंगभर हिंडून लघवीवाटे निघून गेलं, आणि जिथे जायचं तिथे गेलंच नाही. आधी कुणी मोजलं नाही, कारण आधी तो कुणाच्या परीक्षेचा विषय नव्हता.

सर्वांस नमस्कार.

आपला,
जयवंत

ता. क. डॉक्टर पास झाले. पेढे दिले. प्रबंधात माझं नाव 'रुग्ण क्रमांक नऊ' आहे.

ता. क. २ : पत्र टाकायला नलिनीच जाणार, म्हणून वरचं तिला वाचून दाखवलं. थर्मासाच्या गोष्टीला आता हसली. आत्ता ती खाली गेली आहे. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. सोमवारी, २४ तारखेला, पाय गुडघ्याखाली कापणार. मी सही केली आहे. तिला माहीत नाही. चार वेळा तोंड उघडलं, चारही वेळा भलतंच बोललो. भाऊराव, त्याआधी या आणि तुम्ही तिला सांगा. पाकीट चिकटवतो, पावलं ऐकू येताहेत.